पंचगंगेचा हिशेब तेरवाडला मागा

हिवाळा सरत आला की शिरोळ तालुक्यातील तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसू लागतो. ही घटना आता त्या भागात बातमीसुद्धा राहिलेली नाही. बरग्यांना अडलेल्या काळसर पाण्यावर पांढरी पोटे वर करून मासे तरंगतात, वास गावात शिरतो, तरुण मुले बाटल्यांत पाणी भरून घेतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन नमुने नेतात, पंचनामा होतो. एखाद्या वर्षी संतापलेले शेतकरी अधिकाऱ्यांनाच ते पाणी पिऊन दाखवा म्हणतात. मग वरच्या धरणातून पाणी सोडण्याची मागणी होते, घाण कृष्णेच्या दिशेने पुढे सरकते आणि प्रकरण पुढच्या वर्षापर्यंत मिटते. नदीच्या वरच्या अंगाला, कोल्हापुरात, याच वर्षांत सांडपाणी प्रक्रियेची मोठमोठी केंद्रे उभी राहिली. त्यांवर कोट्यवधी रुपये खर्च झाले. तरीही तेरवाडचे मासे मरतच राहिले. हा विरोधाभास नीट उलगडून पाहिला पाहिजे, कारण तो उलगडला नाही म्हणून या जिल्ह्यातले कष्टकरी एकमेकांच्या उरावर बसण्याच्या बेतात आले आहेत.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेने मानलेली गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. तेथून कोल्हापूर, पुढे इचलकरंजी आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेचा संगम, एवढाच तिचा प्रवास. शंभर किलोमीटरसुद्धा नाही. कोल्हापूर शहराची घाण प्रामुख्याने जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून नदीकडे येते. ती अडवून कसबा बावडा येथे दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकतील अशी दोन केंद्रे बांधण्यात आली. अनेक शहरांच्या मानाने ही व्यवस्था बरी म्हटली पाहिजे. राज्यातील कित्येक नगरपालिकांजवळ एवढेही नाही. तेव्हा 'कोल्हापूरने काहीच केले नाही' ही ओरड न्याय्य नव्हे. प्रश्न निराळा आहे. केंद्राची क्षमता म्हणजे नदीचे आरोग्य, असे समीकरण शासनाने मांडले व आपण सर्वांनी ते मुकाट्याने मान्य केले, तेथे खरी चूक झाली.

ही चूक एकट्या कोल्हापूरची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. प्रक्रियेची क्षमता उभारलेली होती ३१,८४१ दशलक्ष लिटरची. त्यातली चालू क्षमता २६,८६९, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर लिटर घाणीपैकी अठ्ठावीस लिटरांवर प्रक्रिया आणि बहात्तर लिटर थेट नदीत, खाडीत वा जमिनीत. या उतरंडीतील पहिली पायरी, म्हणजे केंद्रच नसणे, ही दारिद्र्याची व दुर्लक्षाची गोष्ट आहे. परंतु बांधलेले केंद्र बंद असणे आणि चालू केंद्रापर्यंत घाणच न पोचणे, या पुढच्या दोन पायऱ्या निव्वळ कारभाराच्या आहेत. बांधकामाला अनुदान मिळते, निविदा निघते, कोनशिला बसते, मंत्री येतात. वीजबिलाला अनुदान नाही, आणि त्याच्या उद्घाटनालाही कोणी येत नाही.

सांडपाण्याचे केंद्र म्हणजे वस्तुतः एक मोठे पोट आहे. जाळ्या लावून प्लास्टिक-चिंध्या अडवावयाच्या, रेती खाली बसू द्यावयाची, आणि मग उरलेल्या पाण्यात अहोरात्र हवा फुंकून असंख्य सूक्ष्म जंतू जोपासावयाचे. ते जंतू मैला खातात, वाढतात, गाळ होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. हे जंतू हवेवर जगतात आणि हवा विजेवर चालते. शिवाय नाला नदीच्या पातळीला आणि केंद्र उंचावर, म्हणून घाण पंपाने उपसून वर न्यावी लागते. पंप बिघडला, वीज गेली, वाहिनी फुटली की नाला आपला जुना मार्ग धरतो आणि थेट नदीत उतरतो. महापुरात नाल्याकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूरला याचा पुरता अनुभव दिला. केंद्राच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात यातले काहीच दिसत नाही. जे पाणी केंद्रात आलेच नाही, त्याचा नमुना कोण घेणार? बाराशे लोकांच्या गावातले गटार असो किंवा गांधीनगरसारखी गजबजलेली व्यापारपेठ असो, नदीकाठच्या ज्या वस्त्यांचे सांडपाणी कोणत्याच केंद्राकडे जात नाही त्यांचा तर या हिशेबात पत्ताच नसतो.

आणि समजा, सगळे सुरळीत चालले, तरी काय होते? घाणीची मोजणी ज्या मापाने करतात त्याला बीओडी म्हणतात. एक लिटर पाण्यातील मैला कुजवण्यासाठी जंतूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, याचे ते माप. घरगुती सांडपाण्याचा बीओडी दोनशे-अडीचशेच्या घरात असतो. केंद्रातून बाहेर पडताना तो ३० पर्यंत चालेल, असा दंडक वर्षानुवर्षे रूढ होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली तो अधिक कडक करण्यास सांगितले. याउलट नदीत माणसाने स्नान करावयाचे तर तिचा बीओडी ३ हून अधिक असता कामा नये. ३० चे एक लिटर पाणी ३ वर आणावयाचे तर त्यात किमान नऊ लिटर अगदी निर्मळ पाणी मिसळले पाहिजे. ते पाणी यायचे कोठून? ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंधाऱ्यांवर बरगे चढतात आणि नदीचे एकापुढे एक डोह होतात. या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा दिला, शेती हिरवी केली. पण त्याच बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात जे साचते त्यात नदी किती आणि शहरांचे उत्सर्ग किती, हे सांगणे अवघड व्हावे अशी अवस्था येते. प्रक्रिया केलेल्या पाण्यातही नत्र व स्फुरद शिल्लक राहतात. त्यावर केंदाळ पोसते, केंदाळ कुजले की पाण्यातला उरलासुरला प्राणवायू संपतो, आणि मासे पृष्ठभागावर तोंडे काढू लागतात. तेरवाडला जे दिसते ते हे.

कोल्हापूर आणि तेरवाड यांच्यामध्ये इचलकरंजी आहे. १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे या गावाने हजारो माणसांना काम दिले. सोलापुराकडून, सीमाभागातून, कर्नाटकातून, उत्तर भारतातून माणसे आली, मागांच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत तेथेच रुजली. मागावरच्या कापडाला रंग आणि चमक देणारे प्रोसेस कारखानेही आले. रंग, क्षार, कॉस्टिक यांनी भरलेले त्यांचे पाणी मैल्यावर जगणाऱ्या जंतूंना पचत नाही. उलट असे पाणी शहराच्या गटारात मिसळले तर जंतूच मरतात आणि नगरपालिकेचे केंद्र आजारी पडते. त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र झाले, परंतु काळ्या ओढ्याचे नाव काही बदलले नाही. शहराची घाण आणि कारखान्यांचे पाणी मिळून तो ओढा पंचगंगेला भेटत राहिला. साखर कारखान्यांच्या मळीचा वाटा आणखी वेगळा.

२०१२ च्या उन्हाळ्यात या साऱ्याची किंमत वसूल झाली. इचलकरंजीत कावीळ पसरली. मैल्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरणारी ही 'ई' प्रकारची कावीळ. हजारो माणसे आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र होते, जार विकत घेण्याची ऐपत होती, ते बहुधा वाचले. यंत्रमागावरच्या कामगारांच्या चाळी आणि झोपड्या रुग्णालयांच्या वाटेला लागल्या. पाळी बुडाली की मजुरी बुडते, म्हणून डोळे पिवळे होईपर्यंत कामावर जाणारी माणसेही असतात. आकडेवारीत त्यांचा वेगळा रकाना नसतो. त्या साथीनंतर सरकारी यंत्रणा हलली, प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले, पाहणी-समित्या झाल्या. इचलकरंजीच्या मनावर मात्र एकच गोष्ट कायमची कोरली गेली: पंचगंगेवर भरवसा ठेवता येत नाही.

त्यातून पुढचे सारे रामायण घडले. कृष्णेवरची मजरेवाडीची योजना होती, पण तिची वाहिनी वारंवार फुटे आणि शहराला तीन-चार दिवसांनी एकदा पाणी मिळे. म्हणून वारणेचे पाणी आणावयाचे ठरले. २०१८ साली दानोळीच्या ग्रामस्थांनी रस्त्यावर येऊन ती योजना रोखली. मग, २०२१ साली सुरू झालेल्या अमृत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, दूधगंगेवरील सुळकूड येथून पाणी उचलण्याची योजना पुढे आली आणि कागलपासून सीमाभागापर्यंतच्या दूधगंगाकाठाने तिच्याविरुद्ध मोर्चे काढले. इचलकरंजीत योजनेसाठी उपोषणे, कागलात योजनेविरुद्ध मेळावे, आणि मंत्रालयात बैठकांवर बैठका. दरम्यान कोल्हापूर शहराची थेट पाइपलाइन पुरी झाली. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून ५३ किलोमीटर अंतर कापून २०२३ च्या नोव्हेंबरात तिचे पाणी कोल्हापुरात पोचले. कोल्हापूरकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता, त्यांच्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. वरच्या शहराने दूधगंगेचे स्वच्छ पाणी घेतले आणि वापरलेले पाणी पंचगंगेत खाली सोडले. खालच्या शहराने तीच दूधगंगा मागितली तेव्हा मात्र त्याला, आपल्या दारातली नदी आधी धुऊन घ्या, असे सुनावण्यात आले.

दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याची बाजूही हलकी नाही. धरणासाठी त्याच्याच भागातली गावे उठली, कालव्यांची कामे मात्र रेंगाळत राहिली. एका शहराने पाणी नेले, दुसरे नेणार, मग तिसरेही येईल, ही त्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय शहराला पिण्यासाठी म्हणून नेलेले पाणी प्रोसेस कारखान्यांच्या हौदात जाणार नाही याची हमी त्याला कोणी दिली? महाराष्ट्राच्या २००३ सालच्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतरचा क्रम शेतीऐवजी उद्योगाला दिला होता. तो फिरवून घ्यायला २०११ साल उजाडावे लागले. शेतकरी हे विसरलेला नाही.

या वादात प्रत्येक पक्षाचे दोन तुकडे पडलेले सर्वांनी पाहिले. इचलकरंजीचा पुढारी योजनेच्या बाजूचा, कागलचा त्याच पक्षाचा पुढारी विरोधातला. सत्ताधाऱ्यांचे ठीक आहे. मतदारसंघाच्या हद्दीबरोबर ज्यांची तत्त्वे बदलतात त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा कोणी केली नव्हती. परंतु समाजवादी म्हणविणारे कार्यकर्तेही नदीच्या ज्या काठावर राहतात त्या काठाची भाषा बोलू लागले, हे अधिक लाजिरवाणे आहे. यंत्रमाग कामगार संघटनेचा कार्यकर्ता आणि दूधगंगाकाठचा शेतकरी कार्यकर्ता यांची या प्रश्नावर एकत्र बैठक घेण्याचे कष्ट किती जणांनी घेतले? डॉ. राममनोहर लोहिया यांनी पन्नासच्या दशकातच नद्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न राजकीय कार्यक्रम म्हणून मांडला होता. तेव्हा पुष्कळांना तो त्यांच्या लहरीपणाचा नमुना वाटला. आज तो प्रश्न चाळीतल्या नळापर्यंत आणि बांधावरच्या मोटारीपर्यंत येऊन ठेपला आहे, आणि तरीही पक्षाच्या ठरावांत तो 'पर्यावरण' या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर सापडतो.

भूमिका स्पष्ट असली पाहिजे. पिण्याच्या पाण्यावर इचलकरंजीच्या माणसाचा हक्क आहे आणि तो पंचगंगा स्वच्छ होईपर्यंत थोपवून धरता येणार नाही. तहान पुढल्या पंचवार्षिक योजनेची वाट पाहत नाही. मात्र दूधगंगेतून जे येईल ते घरगुती वापरासाठी, मोजून, आणि त्यातला एक थेंबही कारखान्याला नाही, असा लेखी करार शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर झाला पाहिजे. कारखान्यांनी काय करावे? सुरतेकडे पाहावे. तेथे महापालिकेने शहराचे सांडपाणी अधिक शुद्ध करून २०१४ पासून पांडेसराच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना विकावयास घेतले. दिवसाला चार कोटी लिटरांचे ते केंद्र आहे. नागपूरच्या सांडपाण्यावर कोराडीचे वीजकेंद्र चालते. इचलकरंजीचे सांडपाणी इचलकरंजीच्याच कारखान्यांनी वापरले तर काळ्या ओढ्याचा भार हलका होईल आणि दूधगंगेकडे वळलेली नजरही थोडी खाली येईल. असे पाणी महाग पडते, ही कारखानदारांची तक्रार येईलच. ते महाग पडते हे खरे आहे. आजवरचे स्वस्त पाणी शिरोळच्या शेतकऱ्याने आणि चाळीतल्या रुग्णाने पैसे भरल्यामुळे स्वस्त होते, एवढे त्यांना सांगावे लागेल. छोट्या यंत्रमागधारकावर हा बोजा ढकलला जाणार नाही, याची दक्षता मात्र घ्यावी लागेल. तो स्वतःच कर्जात बुडालेला आहे.

पैसे नाहीत ही नगरसंस्थांची सबब जुनी आहे आणि कायद्यात तिला जागा नाही. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले की गटारे व स्वच्छता ही नगरपालिकेची कर्तव्ये आहेत आणि तिजोरी रिकामी असणे हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. २०१७ साली त्याच न्यायालयाने सांडपाणी केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. ती केव्हाच उलटली. महाराष्ट्राने तर जलप्रदूषण रोखणारा आपला कायदा १९६९ साली, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी केला होता. अर्धशतकाहून जुन्या कायद्यांखाली नोटिसांचे ढीग झाले. तेरवाडच्या माशांना त्यातली एकही वाचता आली नाही. अर्थात केवळ नगरसंस्थांना फटकारून भागत नाही. जकात गेली, मग स्थानिक संस्था कर गेला, उत्पन्नाची साधने राज्य व केंद्राने काढून घेतली आणि कर्तव्ये तेवढी खाली ठेवली. केंद्र चालविण्याचा खर्च, म्हणजे वीज, दुरुस्ती, गाळाची विल्हेवाट आणि कामगारांचे वेतन, यासाठी राज्याने बांधील वार्षिक तरतूद केली पाहिजे. कंत्राटदाराकडे केंद्र सोपवून मोकळे होण्याची जी रीत पडली आहे तिच्यात पहिली काटछाट होते ती पंखे चालविण्याच्या तासांत आणि दुसरी कामगारांच्या पगारात. हातमोज्यांविना मैल्यात उतरणारा कंत्राटी कामगार ज्या केंद्रात आहे ते केंद्र नदी तरी कशी सांभाळणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चा कोणत्या दिशेने वळवावा, हे ठरते. केंद्राच्या फाटकावर लावलेला क्षमतेचा फलक वाचून समाधान मानू नये. रुकडी, इचलकरंजी आणि तेरवाड या तीन ठिकाणी नदीच्या पाण्याचे मोजमाप दरमहा झाले पाहिजे, आणि ते आकडे मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. जयंती नाल्यावरचे पंप महिन्यात किती तास बंद होते आणि का, याची नोंदवही माहिती अधिकाराचा अर्ज न करता नागरिकांना पाहावयास मिळाली पाहिजे. विजेची पर्यायी सोय आहे की नाही, असल्यास तिला डिझेल कोण पुरवतो, हे प्रश्न अर्थसंकल्पाच्या सभेत विचारले गेले पाहिजेत. कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांची जबाबदारी येथे सर्वांत मोठी आहे, कारण त्यांच्या नळाला पाणी आले आहे आणि त्यांची घाण ज्यांच्या नळाला जाते ते त्यांचे मतदार नाहीत.

यंत्रमाग कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या संघटनांची संयुक्त बैठक इचलकरंजीत किंवा कागलात न होता तेरवाडला व्हावी, बंधाऱ्याजवळ, आणि तीही बरगे चढण्यापूर्वी. दोन्ही शहरांच्या महापालिका आयुक्तांना, प्रदूषण नियंत्रण मंडळाला व पाटबंधारे खात्याला तेथेच निमंत्रण द्यावे. पहिल्या महिन्याचे आकडे त्या दिवशी भिंतीवर लागतील अशी व्यवस्था करून मगच सभेची तारीख जाहीर करावी.